कॅमेरा बदलण्याआधी काच बघा

पत्र :

दादा, नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. दीड वर्षापूर्वी अ‍ॅडासवाली, म्हणजे कॅमेऱ्याने रस्ता बघून गरज पडली तर आपोआप ब्रेक लावणारी आणि स्टिअरिंग सांभाळणारी गाडी घेतली. माझं माहेर कराडचं, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचाच. जूनमध्ये हायवेवर डंपरमधून खडी उडाली आणि पुढची काच तडकली. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काच यायला वेळ लागणार होता, म्हणून बाहेरच्या काचवाल्याकडून बसवून घेतली. तेव्हापासून ‘समोरचा कॅमेरा झाकला गेला आहे’ असा मेसेज येतो. सकाळी घरून निघालं की थोड्याच वेळात येतो. वायपर मारला की जातो, परत येतो. घाट चढून वर गेलं की पुन्हा येतो, पण तिथे वायपरने काही होत नाही. पाटण जवळ आलं की आपोआप जातो. मला तर काच लख्ख दिसते. निघतानाच मी एसी फुल थंड करून काचेवर सोडते, म्हणजे समोरचं नीट दिसतं. घाटात गारठा लागतो म्हणून बंद करते. आणखी एक, हायवेला गाडी हल्ली मधूनच स्टिअरिंग डावीकडे ओढते. वर्कशॉपवाले म्हणतात कॅमेरा गेला, बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून ह्यांनी ‘ते सगळं बंद करून टाक, इतकी वर्षं काय कॅमेऱ्यावर गाडी चालवली का’ असा धोशा लावलाय. काय करू?

— एक वाचक, चिपळूण

उत्तर :

ताई, नमस्कार. आधी एक करा : कॅमेऱ्याचे पैसे भरू नका. कॅमेरा कधीच बिघडत नाही असं नाही, पण बिघडलेला कॅमेरा वायपर मारल्यावर बरा होत नाही आणि पाटण आलं म्हणून शुद्धीवर येत नाही. तुमच्या पत्रात निदान जवळजवळ पूर्ण आलंय. फक्त त्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र झाल्यात आणि वर्कशॉपने दोन्हींना एकच औषध लिहून दिलंय.

मेसेजचा अर्थ आधी समजून घेऊ. आतल्या आरशामागे, काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटवर हा कॅमेरा बसतो. गाडी चालू असताना समोरचं चित्र सतत बदलत राहायला हवं. त्या चित्राचा एखादा भाग बदलतच नसेल किंवा रस्त्याचे पट्टे, गाड्यांच्या कडा असं सगळंच पुसट झालं असेल, तर कॅमेरा सांगतो की मला दिसत नाही, माझ्यावर विसंबू नका. ‘झाकला गेला आहे’ हा त्याचा प्रामाणिक रिपोर्ट आहे. ‘बिघडला आहे’ हा निराळा मेसेज असतो, वर्कशॉपच्या स्कॅनरवर दिसणारा त्याचा कोडही निराळा असतो.

आता तुमच्या सकाळच्या प्रवासाकडे येऊ. पावसाळ्यात चिपळूणची सकाळ म्हणजे बाहेर २५-२६ अंश आणि हवा पाण्याने गच्च. अशा हवेत काच दोनएक अंशांनी थंड झाली तरी पुरते, तिच्यावर दव धरतं. तुम्ही एसी फुल थंड करून थेट काचेवर सोडता, म्हणजे काच आतून गार करता. मग थंड पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा तिला बाहेरून घाम सुटतो. वायपर मारला की तो पुसला जातो म्हणून मेसेज जातो. काच गारच असते, म्हणून दव परत धरतं आणि मेसेज परत येतो.

घाट चढलात की सगळं उलटं होतं. हेळवाकच्या बाजूला बाहेर गारवा, आणि गाडीत माणसांचा श्वास, ओले रेनकोट, छत्र्या, पायपुसण्यांतलं पाणी. त्यात तुम्ही एसी बंद केलेला. एसी हवा नुसती थंड करत नाही, कोरडीही करतो. तो बंद झाला की आतली दमट हवा थंड काचेला लागते आणि दव आतून धरतं. वायपर बाहेर, दव आत, मग तो बिचारा काय करणार?

‘पण मला काच लख्ख दिसते’ हे तुमचं म्हणणंही खरं आहे. कॅमेऱ्यासमोरचा काचेचा तुकडा मागून काळ्या प्लास्टिकच्या कव्हरने झाकलेला असतो, आत उजेडाचं प्रतिबिंब पडू नये म्हणून. तिथे हवा खेळत नाही. उरलेली काच मोकळी झाली तरी त्या बोळकांडीतलं दव बराच वेळ रेंगाळतं. तुम्ही बघता ती काच वेगळी आणि कॅमेरा बघतो ती वेगळी. पाटणपर्यंत मेसेज का टिकतो, ते इथे कळतं.

तेव्हा बटणांची सवय बदला. चिपळूणहून निघताना एसी चालू ठेवा, पण तापमान २४-२५ वर आणि हवा काचेवर न सोडता तोंडावर-पायांवर. बाहेरून दव धरलंच तर वायपरचा एक हात मारा. घाट चढताना गारठा लागला तर एसी बंद करू नका, तापमान वाढवा. गरम हवा आणि एसी एकत्र चालतात, चालायलाच हवेत. घाटमाथ्यावर हवा काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा, म्हणजे बाहेरची हवा एसीतून कोरडी होऊन येईल. दव कुठल्या बाजूला आहे असा प्रश्न पडला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून आतून बोट फिरवा. बोटाची रेघ उमटली तर दव आत आहे. गाडी चालवणाऱ्याने हा प्रयोग वळणावर करू नये, शेजारी बसलेल्याला सांगावं. तुमच्या ह्यांना हे काम द्या.

मग जूनच्या आधी असं का होत नव्हतं? नव्या काचेआधीही, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, एसी असाच वापरत होतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण उन्हाळ्यात बाहेरून दव धरत नाही आणि जूनमध्येच पावसाळा लागला, त्यामुळे सगळं खापर काचेवर फोडता येणार नाही. तरी माझा संशय काचेवरही आहे. काचवाल्याने जुन्या काचेवरचा कॅमेरा काढून नव्या काचेवर लावला, तेव्हा कव्हरच्या आतल्या भागाला बोटं लागली असणार. काच बसवायच्या चिकट मसाल्याची वाफही तिथे साचू शकते. तेलकट डागावर दव लवकर धरतं आणि सुकल्यावरही पापुद्रा राहतो. तपासायला सोपं आहे. रात्री गाडी अंगणात लावा, बाहेरून मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि आरशासमोरच्या काळ्या पट्ट्यातली पारदर्शक खिडकी बघा. ठसे, धुरकट डाग, चिकट ओघळ, जे असेल ते तिरक्या उजेडात उठून दिसतं. मोबाईलने फोटो काढून ठेवा, वर्कशॉपमध्ये उपयोगी पडेल.

ते कव्हर मात्र घरी उचकटू नका. भिंगाला बोट किंवा फडकं लागलं तर आहे त्याहून वाईट होईल आणि कॅमेरा किंचित जरी हलला तरी पुढचं सगळं गणित चुकतं. कव्हर उघडून आतली काच पुसून घेणं हे वर्कशॉपचं काम. मजुरीचं किरकोळ काम आहे, नवीन कॅमेऱ्याशी त्याची तुलनाच नाही.

बाहेरची काच आणि कव्हरभोवतीची आतली काच घरी पुसा. गाडी सावलीत, काच थंड. लिक्विड काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या, नाहीतर ओघळ थेट कव्हरमध्ये शिरतो. एक मायक्रोफायबर ओलसर, दुसरं कोरडं. डॅशबोर्डवर गणपती असेल आणि त्याला रोज उदबत्ती लावत असाल तर आतल्या काचेवर तेलकट थर बसतोच. उदबत्ती बाहेर ओवाळा, देव समजून घेतो. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारायची हौसही सोडा. त्याची चमक दुपारच्या उन्हात काचेवर पडते आणि कॅमेऱ्याला समोर पांढरा पडदा दिसतो. वायपरच्या रबरवरून ओलं फडकं फिरवा. फडकं काळं झालं आणि तरी काचेवर कमानीसारखी रेघ उरत असेल तर रबर बदला. मुंबई-गोवा हायवेवर पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल रबरखाली अडकला की वायपर काच पुसत नाही, सारवतो.

फास्टॅगबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतोच, कारण काच बदलली म्हणजे टॅगही नवा लावला असणार. जुना सोलून काढताना फाटतो, तो पुन्हा चालत नाही. नवा टॅग कुठे चिकटवलाय? टॅग आतून, काचेच्या मध्यावर, आरशाजवळ लावायचा असतो. कॅमेराही तिथेच असल्यामुळे दुकानदार घाईत तो नेमका कॅमेऱ्यासमोरच्या खिडकीवर किंवा तिच्या कडेवर ठोकून देतात. टॅगचा कोपरा जरी त्या खिडकीत आला असेल तर तो हलवावा लागेल, म्हणजे बँकेकडून पुन्हा नवा टॅग. काढून हातात धरून टोलवर दाखवायचा विचार करू नका. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचं धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये आणलंय, तासवडेच्या टोलवर उगाच वाद नको. सोसायटीचं पार्किंग स्टिकर, डॅशकॅमचा स्टँड, आरशाला लोंबणारी रुद्राक्षाची माळ यांनाही हाच न्याय : त्या खिडकीसमोर काही नको. काचेवर फिल्म चढवली असेल तर तीही काढा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फिल्मला मनाई केली आहे आणि कॅमेऱ्यालाही ती नको असते.

इथपर्यंतची पहिली तक्रार फुकटात किंवा थोडक्यात सुटेल. दुसरी तक्रार तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून शेवटी लिहिलीत, आणि माझ्या मते मोठी तीच आहे. गाडी स्टिअरिंग डावीकडे ओढते.

पहिल्यांदा लेन असिस्ट, म्हणजे गाडी पट्ट्यांच्या मधे ठेवायला स्टिअरिंग वळवणारी सोय, बंद करून सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून बघा. तरीही ओढत असेल तर टायरची हवा आणि व्हील अलाइनमेंट बघा, कॅमेऱ्याचा संबंध नाही. बंद केल्यावर ओढणं थांबलं, तर कॅमेरा रस्ता चुकीच्या जागी बघतोय. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करावंच लागतं. काचेवरचा ब्रॅकेट अगदी एका अंशाने फिरला तर ५० मीटर पुढे जवळजवळ ८७ सेंटिमीटरचा फरक पडतो, १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा. आपल्या हायवेची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे १०० मीटरवर अर्धी लेन इकडची तिकडे. कॅमेऱ्याला वाटतं गाडी उजव्या पट्ट्याला चिकटली आहे, आणि तो इमानदारीने तुम्हाला डावीकडे ढकलतो. काचवाल्याने कॅलिब्रेशन केलेलं नसणार, त्याच्याकडे ते मशीनच नसतं. काही गाड्यांना समोर ठरावीक अंतरावर नक्षीचे बोर्ड उभे करून करतात, काहींना स्कॅनर जोडून पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून, काहींना दोन्ही लागतं.

आणखी एक शक्यता आहे, आणि ती जरा कटकटीची. त्याच मॉडेलच्या बिनकॅमेऱ्याच्या स्वस्त व्हेरियंटची काच बाहेरून तशीच दिसते. तिच्यात कॅमेऱ्यासाठीची खिडकी आणि ब्रॅकेट नसतो, किंवा काचवाला ब्रॅकेट अंदाजाने चिकटवतो. बिलावरचा काचेचा पार्ट नंबर वर्कशॉपमध्ये तुमच्या व्हेरियंटशी ताडून घ्या. काचच चुकीची असेल तर कॅलिब्रेशन होणारच नाही, आणि नवा कॅमेरा घातला तरी तोही तेच रडगाणं गाईल. काच पुन्हा बदलायची वेळ आली तर विम्याकडे बघा. ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या क्लेममध्ये काचेवर घसारा कापत नाहीत. प्लास्टिक-रबरवर निम्मा कापतात, काचेवर शून्य. मात्र कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळा लिहून आधीच मंजूर करून घ्या, मागाहून कोणी ऐकत नाही.

तोवर लेन असिस्ट बंदच ठेवा. समोर अडथळा दिसला की आपोआप ब्रेक लावणारी सोय बहुतेक गाड्यांत याच कॅमेऱ्याच्या जिवावर चालते. होंडाच्या सिटी आणि एलिव्हेटमध्ये तर फक्त कॅमेरा आहे. एक्सयूव्ही ७००, हॅरियर, क्रेटा यांच्यात जोडीला रडार असतं, पण तिथेही कॅमेरा आंधळा असेल तर निम्मी कामं अडतात. कॅलिब्रेशन होईपर्यंत हे ब्रेक वेळेवर लागतील असं धरून चालू नका, आणि क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, तर अजिबात लावू नका. तुमचे पायाचे ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी सोय), एअरबॅग यांना कशालाही धक्का नाही. घाटात मेसेज आला म्हणून घाबरून वळणावर गाडी थांबवण्याची गरज नाही. दिवे डिपरवर, म्हणजे लो बीमवर ठेवा आणि नेहमीसारखी चालवा.

आता तुमच्या ह्यांचं. घाटापुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं. कुंभार्लीसारख्या घाटात पट्टे कुठे असतात, कुठे नसतात, वळणावर समोरून येणारी एसटी पाहून गाडी उगाच बीप करते. तिथे लेन असिस्ट आणि क्रूझ बंद ठेवणं हेच शहाणपण, कॅमेरा ठणठणीत असला तरी. पण कायमचं काढून टाकायला, म्हणजे वायर उपटायला मी साफ विरोध करीन. हा कॅमेरा गाडीच्या बाकीच्या कॉम्प्युटरांशी बोलत असतो. तो गप्प झाला की दिवे पेटतात, वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो, आणि कराड-पुणे पट्ट्यात रात्री डुलकी लागलीच तर वेळेवर ब्रेक लावणारं कोणी उरत नाही.

एक आडवाट. अमेरिकेत-कॅनडात राहणाऱ्या आणि सुबारू ही जपानी गाडी वापरणाऱ्या वाचकांचेही असेच प्रश्न येतात. त्यांच्या गाडीत आरशाच्या दोन बाजूंना दोन कॅमेरे असतात आणि दोघांच्या चित्रांतल्या फरकावरून गाडी अंतर मोजते. तिथे एकाच कॅमेऱ्यासमोर बर्फ किंवा दव असलं तरी दोन्ही बंद पडतात. उपाय तेच : काच गरम करा, दोन्ही खिडक्यांवरचा बर्फ खरवडा, भिंगाला हात लावू नका.

ताई, वर्कशॉपमध्ये जाल तेव्हा तोंडी बोलू नका, जॉब कार्डवर वर्कशॉपसाठी हे लिहून घ्या : स्कॅनर लावून कोणता कोड येतो, तो कॅमेरा झाकल्याचा आहे, कॅलिब्रेशनचा आहे की कॅमेऱ्याच्या हार्डवेअरचा, ते प्रिंटसकट द्या. काचेचा पार्ट नंबर तपासा. कव्हर उघडून काच आतून पुसा, मग कॅलिब्रेशन करा आणि त्याचा रिपोर्ट द्या. एवढं करूनही हार्डवेअरचाच कोड आला तर गाडी दीड वर्षाची आहे, कॅमेरा वॉरंटीत बसतो का ते लेखी विचारा. बाहेरून काच बसवली म्हणून ते नाही म्हणतील, तर तेही कारणासकट लेखी द्यायला सांगा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ‘मॅडम, कोड वगैरे काही नाही, अनुभवावरून सांगतो’ म्हणाला तर गाडी परत आणा आणि कराडला दुसऱ्या वर्कशॉपमध्ये दाखवा.

आणि हो, दोन-तीन महिन्यांत दसरा आहे. झेंडूचा हार पुढच्या काचेवरून सोडू नका, आणि तुमच्या गाडीला रडार असेल तर ते लोगोमागे किंवा बंपरमध्ये असतं, त्यावरही नको. हळदी-कुंकवाची बोटं बॉनेटवर लावा. पूजा आटोपली की निघण्याआधी हार काढून ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर दुसरा मेसेज येईल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.